दुसऱ्या जहाजानं गेलेलं पत्र

ईलिंग, लंडन
रविवार, १ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तू आणि सीमावहिनी बरे असाल. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? कॉव्हेंट्रीच्या त्या नव्या फिजिओचा काही उपयोग झाला का? मी ठीक आहे. मायराही ठीक आहे.

हे सगळं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मी ठीक नाही, मायरा तर अजिबात ठीक नाही, आणि तू बरा असावास अशी माझी आत्ता फारशी इच्छाही नाही.

हातानं लिहितेय, कारण फोनवर तू ‘बरं, बरं’ करतोस आणि दोन मिनिटांत फोन वहिनीकडे देतोस. मेसेज केला तर निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून कागद. शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून बागेत जाऊ नकोस.

परवा शुक्रवारी मी कामावरून आले तर तुझी भाची स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडा ठेवून उभी होती. बूटसुद्धा काढले नव्हते. मार्चमध्ये त्या रेजिमेंटनं तिला नाही म्हटलं. ऑफिसर ट्रेनिंगसाठी आम्ही तुला स्पॉन्सर करू शकत नाही, शुभेच्छा, वगैरे. तेव्हापासून ती पोरगी स्वतःला खात बसली होती. शेवटी अबिगेलनं, तिच्या मैत्रिणीनं, तिला सांगितलं की अगं, विचार तरी त्यांना, कुठे कमी पडलीस. तिनं विचारलं. कुणा कॅप्टनचं उत्तर आलं. फार सभ्य उत्तर. तुझा फिटनेस उत्तम, इंटरव्ह्यू उत्तम. आणि शेवटी एक वाक्य, की तुमचे मामा कर्नल ओव्हाळ यांच्या दोन्ही पत्रांचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला.

दोन्ही.

“आई, मामानी टू लेटर्स लिहिला? माझ्याकडे तर एकच आहे.”

मी म्हटलं, क्लार्कची काहीतरी चूक असेल. आणि फ्रीज उघडून काय जेवायचं ते बघायला लागले.

दादा, तुझं ते पहिलं पत्र मला पाठ आहे. जानेवारीत आमच्याकडे जेवायला आला होतास. जेवण झाल्यावर उठलास, चष्मा लावलास आणि उभ्यानं वाचून दाखवलंस. ‘तीस वर्षांच्या सैनिकी वैद्यकीय सेवेत इतकी खंबीर आणि शांत डोक्याची तरुण व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.’ वहिनीनं डोळे पुसले. मायरानं त्याचा फोटो काढून फोनवर वॉलपेपर लावला. अजून आहे तो. जिमच्या रिसेप्शनवर बसून लोकांची कार्डं स्कॅन करते दिवसभर, आणि फोन उचलला की तुझी सही.

मी काय काम करते ते तुला माहीत आहे. ‘रचना जुने कागद लावते’ असं तू लोकांना सांगतोस. तर त्या जुन्या कागदांतली एक गोष्ट पुन्हा सांगते. अठराव्या शतकात इथला एखादा तरुण अधिकारी मुंबईला, मद्रासला निघाला की खिशात दहाबारा शिफारसपत्रं घेऊन निघायचा. गव्हर्नरला एक, सैन्याच्या कमांडरला एक, कौन्सिलमधल्या कुणाला एक. त्या पत्रांशिवाय तिथे कोणी बसा म्हणायचं नाही. हुशारी, शौर्य, सगळं नंतर. आधी चिठ्ठी. आणि ही पत्रं उघडी द्यायची, हा शिष्टाचार. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानं ती वाचावी, खूश व्हावं, मग स्वतःच लाख लावून बंद करावी आणि नेऊन द्यावी.

आता उघड्या पत्रात खरं कोण लिहिणार? म्हणून काही शहाजोग लोक दुसरं पत्र लिहायचे. बंद. ते दुसऱ्या जहाजानं जायचं. त्यात लिहिलेलं असायचं की अमुक मुलगा माझं पत्र घेऊन येईल, त्याकडे लक्ष देऊ नका. मुलगा बिचारा मुंबईत दारोदार आपलं सुंदर पत्र दाखवत फिरायचा, आणि यजमान त्याला चहा पाजून वाटेला लावायचे.

तुला ही पद्धत बरोबर जमली. ती तुला कोणी सांगितली, ते आत्ता सोड.

तुझं दुसरं पत्र मी वाचलंय. कसं वाचलं ते विचारू नकोस. ‘एक डॉक्टर या नात्यानं मला सांगणं भाग आहे.’ काय भाग होतं रे तुला? विक्रांत गेला तेव्हा मायरा सोळा वर्षांची होती. बाप सकाळी कामाला गेला तो आलाच नाही. ती शाळेच्या टॉयलेटमध्ये फरशीवर बसायची, श्वास अडकायचा, मैत्रिणी बाहेरून दार वाजवायच्या. हे तिनं मला सांगितलं नाही. मला सांगितलं तर मी आणखी कोसळेन म्हणून. तिनं तुला सांगितलं, कारण तू तिला इराकबद्दल, बसऱ्याबद्दल सांगितलं होतंस, जे तू आम्हाला कुणालाच सांगत नाहीस. तिला वाटलं, मामाला कळेल. मामाला कळलं, आणि मामानं ते लेटरहेडवर टाईप केलं. ‘दबावाखाली ती कोसळण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही.’ खाली सही, पदवी, हुद्दा.

तुझ्या हाताला काही वाटलं नाही का, दादा? एकाच टेबलावर, एकाच पेनानं, महिन्याभराच्या अंतरानं?

पुढच्या बॅचचे अर्ज ३० सप्टेंबरला बंद होतात. मायरा अर्ज करायचा की नाही ते ठरवू शकत नाहीये. ‘माझ्यात ते मटेरियल नाही, आई’ म्हणते. पहाटे पळायला जायची, तेही बंद केलंय. तू त्या रेजिमेंटला लिहून कळव की तुझं दुसरं पत्र तू मागे घेतोस. या आठवड्यात. कारण काय द्यायचं ते तुझं तू बघ. पत्रं लिहिण्यात तू हुशार आहेस.

वहिनीला नमस्कार. तिला हे वाचायला देऊ नकोस, किंवा दे. मला फरक पडत नाही.

तुझी,
रचना


ईलिंग
गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४

दादा,

जय भीम.

पत्राला पत्रानं उत्तर देशील असं वाटलं होतं. तू स्क्रीनशॉट पाठवलास. वर नाही, खाली नाही, एक शब्द नाही. ६ फेब्रुवारी, माझाच मेसेज. ‘दादा, त्या बॉम्बेवाल्या लेफ्टनंटच्या मामासारखं कर ना. प्लीज. तिला कळणार नाही.’

मी फोन सोफ्यावर फेकला. मग उचलला, पुन्हा वाचला, पुन्हा फेकला. तुझा इतका राग आला की दोन दिवस मी तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. राग आला, कारण तू खोटं बोलत नव्हतास.

हो. मीच सांगितलं.

मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. ‘ते सोड’ लिहिलं. तीन वेळा मसुदा केला आणि तिन्ही वेळा त्या जागेवरून अलगद पुढे सरकले. आता लिहिते, म्हणजे तुला आणखी स्क्रीनशॉट शोधायला नकोत.

जानेवारीत माझ्या हाताशी एका घराण्याच्या कागदांची पेटी होती. त्यात तशा एका बंद पत्राची घरी ठेवलेली नक्कल निघाली, १७७९ सालची. लेफ्टनंट एडमंड थॉर्ली नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईला निघालेला. त्याच्या मामानं त्याला भरभरून शिफारस दिलेली. आणि मागून दुसऱ्या जहाजानं हे पाठवलेलं, की मुलाच्या आईची इच्छा आहे, त्याला लढाईच्या जवळपास जाऊ देऊ नये, कुठेतरी कचेरीत खुर्ची द्यावी, आणि हे त्याला कळू देऊ नये. मला गंमत वाटली. मी तुला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं आणि तू हसलास. किती दिवसांनी हसलास. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

मग दोन आठवडे ते माझ्या डोक्यातून जाईना. आणि मग मी तो मेसेज केला.

तू म्हणशील, सरळ मायराला का नाही सांगितलंस, की बाई, जाऊ नकोस? कसं सांगू? दरवर्षी चौदा एप्रिलला आपण कॅमडेनला जातो, बाबासाहेब राहिले त्या घरी. तू मेडल्स लावून येतोस. लोक तुझ्याबरोबर फोटो काढतात. गेल्या वर्षी मायरा तुझ्या शेजारी उभी होती आणि कुणीतरी म्हणालं, आता पुढची कर्नल ही. टाळ्या झाल्या. तेव्हा माईक कोणाच्या हातात होता? माझ्या. ‘आपल्या मुलींना अडवू नका’ यावर मी दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. आणि घरी येऊन त्याच मुलीला म्हणू, की तू सोडून बाकीच्या सगळ्या जणींनी जावं?

बाबा फौजेत हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मागून आलेले पुढे गेले. ‘आपल्यासाठी चिठ्ठी लिहिणारं कोणी नव्हतं’ हे ते मरेपर्यंत सांगत होते. आपल्या घरात पहिल्यांदा कुणाच्या शब्दाला वजन आलं ते तुझ्या. आणि त्या वजनाचा पहिला उपयोग मी माझ्याच पोरीला मागे ओढायला केला. लोक वशिला लावून मुलांना पुढे ढकलतात. आपण दोघं कसली माणसं आहोत?

का केलं, तेही लिहिते. तुझ्यामुळे.

सीमावहिनी मला सगळं सांगते. तू गॅरेजमध्ये गाडीत बसतोस. दार बंद, इंजिन बंद, बेल्ट लावलेला. तासतासभर. बसऱ्याहून येऊन वीस वर्षं झाली, दादा. वहिनी काचेवर टकटक करते, तू मान हलवतोस, ती परत जाते आणि भाजी गरम करते. मला माझ्या घरात दुसरा तू नको होता. मला ती जिवंत हवी होती, पूर्ण. इतकं साधं होतं ते. हे तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू बाबांचा अभिमान आहेस आणि आमचा सगळ्यांचा, आणि अभिमानाला असं काही बोलता येत नाही.

आणि अजून एक. ९ फेब्रुवारीला तू लिहिलंस, ‘झालं.’ खाली पीडीएफ जोडलेली. मी अंगठा पाठवला. पीडीएफ उघडली नाही. तो अंगठाही तू जपून ठेवलायस, मला माहीत आहे. सहा महिने ती माझ्या फोनमध्ये होती आणि मी ती उघडली नाही, कारण उघडली नाही तर ते तुझं काम होतं. मायराला ते उत्तर आलं त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन उघडली.

तेव्हा ‘कसं वाचलं’ याचं उत्तर हे.

पण दादा, माझा राग त्यानं कमी झालेला नाही. तू सुटलास असं समजू नकोस. मी तुला काय लिहायला सांगितलं होतं? घरच्यांची इच्छा नाही, एवढंच. थॉर्लीच्या मामानं तेवढंच लिहिलं होतं. आईला भीती वाटते, बस. तो दोष आईच्या माथी होता. तू तो पोरीच्या माथी मारलास. माझी भीती लिहायला तुला लाज वाटली, म्हणून तू तिचा आजार लिहिलास. डॉक्टर होऊन. आणि तू मोठा आहेस ना माझ्यापेक्षा? लहानपणी मी काही खुळ्यासारखं मागितलं की ‘गप बस रचने’ म्हणायचास. तेव्हा बरं सुचायचं. या एकाच वेळी तू माझं ऐकलंस. एकदा तरी म्हणायचंस, की हे मी करणार नाही, तुझं तू तिला सांग. मी चार दिवस रुसले असते. संपलं असतं.

थॉर्लीचं पुढे काय झालं, ते तुला सांगितलं नव्हतं. त्यानं मुंबईहून आईला लिहिलेली पत्रं त्याच पेटीच्या तळाशी होती. ती जूनमध्ये माझ्या हाती आली. चौदा महिने तो पोरगा एका घरून दुसऱ्या घरी जात होता. सगळे हसून बोलायचे, जेवायला बोलवायचे, आणि तुकडी निघाली की याचं नाव नाही. एका पत्रात लिहिलंय, ‘माझ्यात असं काहीतरी उणं आहे, जे इथे सर्वांना दिसतं आणि मला एकट्याला दिसत नाही. आई, तुला ठाऊक असेल तर मला कळव.’ शेवटी तो कचेरीतल्या खुर्चीवरच राहिला आणि जुलाब लागून गेला. लढाई त्यानं पाहिलीही नाही.

ते वाक्य मी एप्रिलमध्ये ऐकलं होतं, आपल्या घरात. मायरा पायरीवर बसून म्हणाली होती, “माझ्यात काय राँग आहे, आई? सगळ्यांना दिसतो, मला का नाही दिसत?”

मग जूनमध्ये मी काय केलं, विचार. पेन्सिलनं फोल्डरवर तारीख घातली, ‘खासगी, कौटुंबिक’ असं कॅटलॉगमध्ये टाकलं, आणि साडेपाचची ट्यूब पकडून घरी आले. तिच्याशी बोलले नाही. तुलाही लिहिलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. तुला पहिलं पत्र लिहिलं ते सप्टेंबरात, पकडली जाईन असं दिसल्यावर. तेव्हा मला न्यायाची आठवण झाली. पहिलं पत्र परत वाचलंस तर हसशील. मी वाचलं, मला हसू आलं नाही.

मी परवा, शनिवारी, मायराला सगळं सांगणार आहे. तिला सुट्टी आहे. तू येऊ नकोस. तू आलास की ती तुझी समजूत घालत बसेल, ती तशीच आहे. तू फक्त ते पत्र मागे घे. तुला जमत नसेल तर मी माझा मेसेज आणि तुझी पीडीएफ दोन्ही त्या कॅप्टनला पाठवीन. धमकी समज.

रचना


ईलिंग
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

दादा,

तू पत्र मागे घेतलंस ते कळलं. त्याची प्रत टपालानं पाठवलीस, तीही मिळाली. ‘माझं विधान वैद्यकीय नव्हतं, ते कौटुंबिक दडपणाखाली केलं होतं.’ कौटुंबिक दडपण म्हणजे मी. बरोबर आहे. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

वहिनीचा फोन आला होता. ती रडत होती. मायराला फोन करू का, विचारत होती. मी म्हटलं, कर, पण आमच्या दोघांच्या वतीनं करू नकोस.

चौदा तारखेला सांगितलं तिला. सकाळचे अकरा वाजले असतील. माझा मेसेज आणि तुझं दुसरं पत्र, दोन्ही छापून टेबलावर ठेवलं. म्हटलं, आधी हे वाच. तिनं उभ्यानंच वाचलं. तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, ओरडेल. मी तयारी केली होती, काय काय ऐकायचं त्याची. आपण बहीणभाऊ ओरडणारी माणसं, आपल्याला तेवढंच कळतं.

ती ओरडली नाही. विचारलं, ही पीडीएफ तुझ्याकडे कधीपासून आहे. मी म्हटलं, फेब्रुवारीपासून. पण उघडली नव्हती, असंही म्हटलं. ते म्हणायला नको होतं. ऐकताना माझी मलाच घाण वाटली.

मग ती बोलली. तुला जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते सारखं ऐकू येतं आणि तूही ऐकायला पाहिजेस.

“तू घाबरली, इट्स ओके. मामा पण घाबरला असेल. पण आय क्राइड एव्हरी डे, आई. एप्रिल, मे, जून. तू रोज माझ्या रूममध्ये चहा आणला. बाजूला बसली. माझा केस नीट केला. तुला माहीत होता.”

केस नीट केला. मी तिला लहानपणापासून सांगते, केस नीट केले म्हणायचं. त्या दिवशी सांगितलं नाही.

मी म्हटलं, चुकले. तिनं मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. मग वर गेली आणि बॅग भरली. मी जिन्याखाली उभी होते. स्वतःच्याच घरात मला वर जायची हिंमत झाली नाही. जाताना किल्ली घेऊन गेली, ती काढून ठेवली नाही, यावर मी पहिला आठवडा काढला.

ती अबिगेलकडे आहे. तू त्यांना ओळखतोस, म्हणजे पाहिलं आहेस. अबिगेलची आई शर्ली मूळ ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि या भागात जिच्याशी मी मराठीतून भांडू शकते अशी ती एकच बाई आहे. पहिल्या दिवशी तिनंच मेसेज केला, ‘पोरगी इथे आहे, जेवली, काळजी करू नको.’ मी विचारलं, काही बोलली का. शर्लीनं लिहिलं, ‘बोलली. पण ते तुला मी नाही सांगणार.’ मला राग आला. मग वाटलं, आपल्या घरात असं एक जरी माणूस असतं तर.

मायरानं अर्ज केला, दादा. गुरुवारी पाठवला. शिफारसपत्र एकच, युनिव्हर्सिटीतल्या ट्यूटरचं. तुझं घेतलं नाही. सोळाव्या वर्षी काय झालं, ते तिनं अर्जात स्वतः लिहिलंय, सगळं, कुणी विचारायच्या आधी. पहाटे पळायला जाते, असंही कळलं. सगळं मला शर्लीकडून कळतं.

आज दुपारी शर्ली आली. मी म्हटलं बस, चहा टाकते, तर बसली नाही. हातात मायराच्या भरतीचा एक फॉर्म होता. म्हणाली, मायरानं याच्यावर माझं नाव घालू का म्हणून विचारलंय. मी तिला म्हटलं, तुझ्या आईला सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तिच्या पाठीमागे मी काही करायची नाही. ती म्हणाली, जाऊन सांग. म्हणून आले.

मी फॉर्म बघितला. काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, तो रकाना. आईचं नाव लिहितात तिथे. बाप नसेल तर आईचंच. तिथे मायराच्या अक्षरात शर्लीचं नाव, शर्लीचा नंबर, शर्लीचा पत्ता. नातं या जागी लिहिलंय, मैत्रिणीची आई.

शर्ली म्हणाली, तू नको म्हण, मी तिला समजावते. अजून पेनानं पक्कं केलेलं नाही.

माझ्या मनात काय काय आलं ते तुला लिहीत नाही. मी म्हटलं, घाल तुझं नाव. पोरीनं विचारलंय, तर घाल.

शर्लीनं माझा हात धरला थोडा वेळ. मग गेली.

तेव्हा आता असं आहे. उद्या ही पोरगी निवडली गेली, आणि परवा कुठल्या तरी देशात तिला काही झालं, तर युनिफॉर्ममधली दोन माणसं ईलिंगमध्ये येतील. आपल्या रस्त्यावरून जातील कदाचित. माझ्या दारावर थांबणार नाहीत. पुढे जातील, दोन गल्ल्या, आणि शर्लीची बेल वाजवतील. मी तेव्हा इथे कपडे वाळत घालत असेन. ज्या बातमीच्या भीतीनं मी हे सगळं केलं, ती बातमी मला कोणी द्यायला येणार नाही. शर्लीला सांगवलं, तर ती सांगेल.

तुला मात्र मी कळवीन. त्याच दिवशी. तुझ्यापासून काही लपवणार नाही.

जय भीम.

रचना
मायराची आई